उतारावरचं बिऱ्हाड

अहमदनगर,
कार्तिक, शके १८९४

प्रिय चांगुणा,

कागदाच्या डोक्यावर नुसतं गावाचं नाव घातलं आहे, पुढचा पत्ता नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. विसरलो नाही. श्रावणापासून जेव्हा जेव्हा मी कुणाला पत्ता कळवला, तेव्हा तेव्हा शाई वाळायच्या आत कुणीतरी येऊन गाडी पुढे घ्या म्हणालं. म्हणून या खेपेला आधी मजकूर, आणि मजकूर संपेपर्यंत गाडी जागेवर राहिलीच तर शेवटी पत्ता, असा क्रम ठरवला आहे. पत्र तूच वाच. तुझ्या भावाला, आसारामला, वाचायला दिलंस तर तो ओळीओळीला हसेल आणि वाचन संध्याकाळपर्यंत पुरेल.

आसाराम येऊन गेला. तू दिलेल्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पोचली; भाकरींचं पुढे काय झालं ते नंतर सांगतो. मला शोधण्यात बिचाऱ्याचा अर्धा दिवस गेला. तू सांगितलेल्या खुणेनं तो इस्पितळाच्या भिंतीशी गेला, तिथून त्याला माळीवाड्यात गणपतीकडे धाडलं, गणपतीकडून किल्ल्याकडे. शेवटी एका पानवाल्यानं विचारलं म्हणे, ढकलगाडीवाले मास्तर व्हय? वीस वर्षं संस्कृत शिकवून गावात मी एवढीच पदवी कमावली. तुझा निरोप त्यानं शब्दशः सांगितला. ‘गाडीला बूड टेकलं की कळवा, मग येते.’ निरोप रास्त आहे. अडचण एवढीच की, बूड टेकवायला मी काय काय केलं याची तुला शिंगणापुरात बसून कल्पना यायची नाही. म्हणून हा वृत्तांत.

सोनईच्या शाळेतून माझी इथं बदली झाली नसती तर यातलं काहीच घडलं नसतं. सोनईला आपला तह होता. तू शिंगणापूरची, जन्मात घराला दार पाहिलं नाहीस. मी आमच्या आईच्या कड्याकुलपांत वाढलेलो. तेव्हा दार लोटायचं, पण कडी लावायची नाही, या एका कलमावर आपण वीस वर्षं सुखानं काढली. नगरला केशरबाईंच्या वाड्यात खोली घेतली तेव्हा मला वाटलं, तह तोच पुढे चालेल. पण तिथं गल्लीकडचं दार सगळ्या बिऱ्हाडांचं सामाईक, आणि पहाटे पाण्याला सगळ्यांत आधी उठणारी तू. तू ते उघडलंस की उघडंच. दोनदा केशरबाईंनी सांगून पाहिलं. तिसऱ्यांदा त्यांचा तांब्याचा बंब गेला. त्या अंगणात उभ्या राहून तळतळत होत्या, आणि तू शांतपणे सांगितलंस की काळजी करू नका, नेणाऱ्याला शनिदेव बघून घेईल, चोर आपल्या पायानं परत येईल. चांगुणा, शनिमहाराजांची हद्द घोडेगावच्या फाट्याच्या इकडे येत नाही. बंब आला नाही, चोर आला नाही, आपल्याला मात्र खोली सोडावी लागली. त्यातून हे दुष्काळाचं साल. तालुक्यातालुक्यांतून माणसं शहरात आलेली, खोल्या आधीच भरलेल्या, आणि एखादी रिकामी दिसलीच तर आपली कीर्ती तिथं आपल्या आधी पोचलेली. दार न लावणारं बिऱ्हाड, नको बाई.

मग गहिनीनाथानं ती लष्कराच्या लिलावातली जुनी अँब्युलन्स गॅरेजबाहेर काढून दिली. खोली मिळेपर्यंत राहा म्हणाला. मी त्याला लहानपणी पाढे शिकवले होते. त्याचा सूड त्यानं फार प्रेमानं घेतला. किल्ली देताना त्यानं केलेला उपदेश तुझ्यासमोरच झाला. ‘मास्तर, ब्रेक हाय, पर त्याच्यावर भरवसा ठिवू नका, दगड लावा. आन् सेल्फ न्हाई, म्हनून उतार बघूनच हुबी करा.’ तेव्हा आपण दोघं हसलो होतो. आता माझं हसणं संपलं आहे. माणसं जागा शोधताना सावली बघतात, पाणी बघतात. मी फक्त उतार बघतो. आणि हे शहर परातीसारखं सपाट आहे हे मला पन्नाशीच्या उंबरठ्यावर कळलं. सपाट जागी गाडी लावली तर चालू करायला चार माणसं ढकलायला लागतात, आणि ती चार माणसं बहुधा मला तिथून हाकलायला आलेलीच असतात. हुसकावणाऱ्याकडेच धक्का मागायचा, हे किती लाजिरवाणं असतं ते तू पाहिलं आहेस.

शाळेचं मैदान तुला आठवत असेल. माझं धोतर गोलपोस्टवर वाळताना मुलांनी पाहिलं आणि मुख्याध्यापकांनी मला शिस्तीवर एक व्याख्यान दिलं. मग इस्पितळाची भिंत. तिथं उतार उत्तम होता, पण गाडीवरचा तांबडा क्रॉस रंगाखालून डोकावत होता, आणि लोक सरळ पेशंट घेऊन येत होते. तू त्या पाथर्डीकडच्या म्हातारीला आपल्या बाकावर निजवून लिंबू-पाणी दिलंस. तिचा मुलगा मला डॉक्टर समजून नाडी बघा म्हणाला, आणि मी बघितलीही. दुसऱ्या दिवशी इस्पितळाच्या शिपायानं आपल्याला काढलं. त्यानंतर दसऱ्याच्या आधी तू माहेरी गेलीस. रोज उठून गाव बदलायचं हे मला जमायचं नाही, म्हणालीस. मी ते तसंच धरून चाललो.

तू गेल्यावर मी गणपतीच्या देवळामागे गेलो. तिथं चतुर्थी येईपर्यंत कुणाचं काही म्हणणं नव्हतं. चतुर्थीला हार-नारळाचे पाट मांडायला नेमकी माझीच जागा हवी होती. मग किल्ल्याजवळ. काय सांगू तुला तो उतार! हात काढला की गाडी आपली आपण निघावी. पण जिथून ही गाडी लिलावात निघाली, त्याच लष्करातल्या एका शीख जवानानं तिला ओळखलं, मायेनं तिच्या मडगार्डवर हात फिरवला, आणि ही हद्द आमची आहे, असं मला समजावलं. गाडीला तिचं माहेर भेटलं, मला मुक्काम नाही. शाळेत मी मुलांना ‘अनिकेत’ शब्द शिकवतो. ज्याला घर नाही तो, आणि ही फार मोठी स्तुती आहे, असं दर वर्षी फळ्यापाशी उभा राहून सांगतो. यंदा तो तास आला तेव्हा पुढच्या बाकावरचं एक कार्टं माझ्याकडे बघून खाली मान घालून हसलं. मी पुढचा शब्द घेतला.

शेवटी दिल्ली दरवाजाबाहेर एक आळी सापडली. विड्या वळणाऱ्या बायकांची आळी, कोपऱ्यावर नळ, कडुलिंबाचं झाड, आणि देवानं स्वतः काढून दिल्यासारखा उतार. मी दगड लावले, कडी लावली आणि मनात म्हटलं, चांगुणेला आता बोलवावं. तर दोन दिवसांत आळीतले पुरुष त्या वाटेनं जाईनासे झाले. समोरून येणारा माणूस गाडी पाहून मागच्या बोळात वळायचा. पोरांना आया घरात ओढायच्या. मला वाटलं माझा चेहराच असा असेल. तिसऱ्या दिवशी रंगुबाई आली. आळीत तिचा शब्द चालतो. उंच, रुंद, तंबाखूनं बोटं पिवळी पडलेली, मागे पाचसहा बायका. कमरेवर हात ठेवून म्हणाली, ‘आमच्या आळीत कुनाचंबी काय कापायचं न्हाई. गाडी फुडं घ्या.’

मला उमजायला थोडा वेळ लागला. बंद दाराची पांढरी गाडी, अंगावर तांबडी खूण, आत कोण ते दिसत नाही. त्यांनी मला कुटुंबनियोजनवाला ठरवला होता! मी शपथेवर सांगितलं की मी संस्कृत शिकवतो. त्यावर मागची एकजण म्हणाली, आसंच सांगत्यात आदी. सोमवारपर्यंत मुदत मिळाली.

सोमवारी गहिनीनाथ आला. म्हटलं, बाबा, आता सपाटीवर लाव, खड्ड्यात लाव, कुठंही लाव. पण यंत्रालाही माझा कंटाळा आला असावा. उतारावरूनही ती चालू होईना. आळीतले पुरुष आनंदानं ढकलायला आले, आणि त्या आनंदात मागच्या दोन्ही दारांना असे काही भिडले की बिजागऱ्या तुटून दारं खाली आली. गाडी जागची हलली नाही. गहिनीनाथानं दारं हातगाडीवर घातली, डागून आणतो म्हणाला, आणि गेला तो गेलाच. कोपरगावला कारखान्याच्या ट्रकांचं काम निघालं होतं.

माझा संताप तू पाहायला हवा होतास. भर वस्तीत चव्हाट्यावर माझा संसार: बाक, स्टोव्ह, पुस्तकांची ट्रंक, दोरीवर तुझं राहिलेलं हिरवं लुगडं. मी शाळेत गेलो की सगळं उघडं. पहिल्या दिवशी मधल्या सुट्टीत धावत आलो, ट्रंक मोजायला. ट्रंक होती. तू पाठवलेल्या भाकरी मात्र पुढे, आसाराम येऊन गेल्यावर, आळीतल्या पिवळ्या कुत्र्यानं फडक्यासकट नेल्या, आणि वर बाकाखाली येऊन झोपला. पण त्या पहिल्याच दिवशी संध्याकाळी रंगुबाई तंबाखूचं सूप घेऊन गाडीच्या पायरीवर टेकली. पायरी विड्या वळायला बऱ्या उंचीची आहे म्हणे. तिनं आत सगळीकडे निवांत पाहून घेतलं, लुगड्यावर नजर ठरली, आणि विचारलं की मालकीन कुठं हाय. माहेरी, म्हटलं. ती मान हलवून म्हणाली, ‘आदी दार काढायचं हुतं की वो मास्तर. मानूस दिसला म्हंजी भ्या कशाचं.’ तेव्हापासून गाडी पुढे घ्या असं कुणी म्हटलेलं नाही. शाळेतून येईतो कुणीतरी पाणी भरून ठेवतं, वर माझ्या कालवणाला नावंही ठेवतं. इतके दिवस मी उतार शोधत शहर पालथं घातलं, आणि लोकांना खुपत होतं ते दार.

हे सगळं मी आसारामला रंगवून सांगत होतो. तुझी थोडी थट्टाही केली. म्हटलं, तुझ्या अक्काला सांग, मी आता शिंगणापूरकर झालो. तो हसला नाही. पायरीवर बसून तंबाखू मळत म्हणाला, ‘दाजी, अक्का तिकडं आल्यापास्नं नुस्ती झोपती. दुपारीबी झोपती. आईला वाटलं आजारी हाय. म्या इचारलं तर म्हनली, लई दिवसांची झोप ऱ्हायलीय.’

तेव्हापासून मला एक चित्र सारखं दिसतं. गाडी उतारावर, म्हणून दारं नुसती लोटून राहायची नाहीत, झुलून उघडायची. म्हणून पहिल्याच दिवशी मी आतून लोखंडी कडी लावली आणि आपला वीस वर्षांचा तह तुला न विचारता मोडला. मी भिंतीकडे तोंड करून घोरत असे. पहाटे पाहावं तर तू बाकावर बसलेली, गुडघ्याला मिठी घालून, त्या कडीकडे बघत. मी विचारलं की म्हणायचीस, आत्ताच उठले. मला वाटायचं, तुला जागा बदलण्याचा त्रास होतो. तू तेच सांगितलंस, आणि मला ते सोयीचं होतं, कारण जागा शोधणं हे निदान मला करता येण्यासारखं होतं.

काल गहिनीनाथ दारं घेऊन आला. झकास डागली आहेत, नवा रंग दिला आहे, आणि वर मला खूश करायला एक पितळी कुलूप आणलं आहे. मी त्याला सांगितलं, दारं परत ने आणि गॅरेजला लाव. मला वेड लागलं असं त्याला वाटतं, आणि झोपेपुरतं बोलायचं तर ते खोटं नाही. मला उघड्यावर झोप येत नाही, चांगुणा. दर खुडबुडीला उठून बसतो, ट्रंकेवर हात ठेवतो, पुन्हा पडतो. हरकत नाही, तुझी जागायची पाळी झाली, आता माझी. हे पत्र लिहिलं ते एवढ्यासाठीच की, गाडीचं बूड टेकलं आहे, आणि तिला आता दार नाही. ये. आणि येताना तुमच्या घरी कुत्रं आत शिरू नये म्हणून चौकटीला टेकवून ठेवतात ती फळी एसटीच्या टपावर टाकून आण. मापाची नसली तरी चालेल. तो पिवळा काही फार हुशार नाही.

तुझाच, न झोपलेला,
रंगनाथ

पत्ता: रंगुबाईंच्या घरासमोर, कडुलिंबाखाली, दिल्ली दरवाजाबाहेर, अहमदनगर.