अंगावर आहे हे जाणवू नये असं

नोव्हाय, मिशिगन
१४ सप्टेंबर २०२४

ती. ताईस,
देवेशचा सा. न. वि. वि.

फोनवर आपलं बोलणं दोन वाक्यांत भांडणावर येतं, म्हणून तू म्हणालीस तसं पत्र लिहितोय. अक्षराला हसू नकोस. आईचा खुबा आता कसा आहे? नंदनभाऊजी म्हणाले की वॉकर सोडून भिंत धरून चालते आणि कोणाचं ऐकत नाही. तिला माझ्या नावाने रागव. आमची ऊर्मी शनिवार-रविवार तुझ्याकडे येते हे बरं आहे. टोरोंटोत तिचा कॉन्डो आहे खरा, पण त्यात चार मुली आणि एकच फ्रायपॅन.

आता मुख्य बातमी. चैत्रालीच्या अमेरिकन पासपोर्टच्या पुण्याईने माझं ग्रीन कार्ड झालं होतं, ते तुला माहीत आहे. मागच्या महिन्यात मी क्लास केला, परीक्षा दिली आणि परवाना मिळाला. शर्टाखाली पिस्तूल बाळगायचा परवाना. ही ओळ वाचून तू पत्र खाली ठेवलं असशील. चहा घे आणि पुढे वाच.

दुकानात दोन तास होतो. पहिलं पोलिसांकडे असतं तसं दणकट होतं. हातात छान बसतं, नेम चुकत नाही, पण जॅकेट घातलं तरी कमरेशी वाटी ठेवल्यासारखं दिसतं. दुसरं खिशात मावेल इतकं चिमुकलं. करंगळीला धरायला जागाच नाही, आणि गोळी सुटली की तळहाताला असा झटका बसतो की पुढची गोळी भलतीकडे जाते. शेवटी मधलं घेतलं, नाईन एमएम, चपटं. दुकानदार पांढऱ्या दाढीचा, सावकाश बोलणारा माणूस. म्हणाला की घरी राहिलेलं पिस्तूल कोणालाच वाचवत नाही, तेव्हा अंगावर आहे हे जाणवू नये असंच घ्या. मला पटलं. आठवडाभर घालून हिंडतोय. खरंच जाणवत नाही.

तू म्हणशील, कशासाठी? ताई, मिल्टनच्या माझ्या किचनमध्ये ती तीन पोरं गाडीच्या किल्ल्या मागत उभी होती, तेव्हा मी हात वर करून उभा होतो. आई मध्ये पडली, त्यांनी तिला ढकललं, आणि तिचा खुबा मोडल्याचा आवाज मी हात वर ठेवूनच ऐकला. नंतर आलेल्या पोलिसाने सल्ला दिला की यापुढे किल्ल्या दाराशीच ठेवा, म्हणजे त्यांना आत यावं लागणार नाही. कॅनडात हँडगन विकत घेणंच बंद. म्हणून मी देश सोडला. पुन्हा हात वर करणार नाही, एवढंच.

आईला यातलं काही सांगू नकोस. भाऊजींना नमस्कार. तुझी माया आहे तशीच असू दे.

तुझा,
देवेश

---

मिल्टन
६ ऑक्टोबर २०२४

चि. देवेशला,
ताईचे अ. आ.

पत्र पोचलं. चहा दोनदा घेतला. अक्षर दहावीत होतं तसंच आहे, उताराला लागलेलं.

आई ठीक आहे. काल तिने बॅकयार्डमधल्या कार्ल्याच्या वेलाची पाहणी केली आणि तो मी मारला असा निकाल दिला. दंव गोठून वेल जळतो हे तिला मान्य नाही. नंदन रिटायर झाल्यापासून विंटर टायर स्वतः बदलायचं म्हणतोय, म्हणजे यंदा पाठीचा डॉक्टर आणि टायरवाला अशी दोन बिलं येणार.

तुझ्या खरेदीबद्दल काय लिहू? लहानपणी चपला घेताना तू असाच करायचास. तीन जोड घालून दुकानभर चालायचास आणि मधला घ्यायचास. वाचताना हसू आलं, आणि मग हसल्याचीच लाज वाटली. तू जे वर्णन केलंस त्यात माप आहे, वजन आहे, झटका आहे. समोर कोण असेल ते कुठेच नाही. तुझ्या किचनमध्ये आलेल्यांपैकी एक जण सोळा वर्षांचा निघाला. कोर्टात त्याची आई माझ्या मागच्या बाकावर रडत होती. तू आला नव्हतास, म्हणून सांगते.

आणि समज, त्या दिवशी तुझ्या कमरेला ते असतं. त्यांच्याकडेही होतं. आई तुमच्या मध्ये होती. पुढचं तूच लिही, मला लिहिवत नाही.

तू आईसाठी हे केलंस असं मनाशी धरू नकोस. तिने मागितलं नाही. ती मागते ते एवढंच, की तू ये. तिचा खुबा मोडल्यापासूनच्या सव्वादोन वर्षांत तू पाच वेळा आलास आणि प्रत्येक वेळी जेवण होताच उठलास. तिच्या वॉकरकडे तुला बघवत नाही हे तिला कळत नाही असं समजू नकोस.

चैत्रालीचं काय मत पडलं ते तू लिहिलं नाहीस. यावरून कळलं.

दिवाळीला अनारसे पाठवते. तब्येत जप आणि आम्हाला विसरू नकोस.

ताई

---

नोव्हाय
१० नोव्हेंबर २०२४

ती. ताईंना,
चैत्रालीचा शि. सा. न.

अनारसे पोचले. जाळी इतकी सुंदर पडली होती की शेजारच्या बाईंना दाखवून आले. हे मी देवेशला न सांगता लिहितेय, पण त्याने विचारलं तर लपवणार नाही.

तुम्ही फोनवर विचारलंत की ऊर्मी दिवाळी अर्धी टाकून तुमच्याकडे का आली. तिने तुम्हाला सांगितलं नसेल. ती बापाची बदनामी करत नाही.

त्या वस्तूबरोबर राहणं कसं असतं ते मला आता माहीत झालंय. देवेशचे सगळे शर्ट एक माप मोठे झालेत. रेस्टॉरंटमध्ये तो दाराकडे तोंड करून बसतो आणि मी काय बोलले ते त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागतं. गणपतीला मंडळाच्या हॉलवर शस्त्र चालत नाही अशी पाटी होती. तर त्याने ते गाडीत ठेवलं नाही. तो स्वतःच गाडीत बसून राहिला. मी आरती करून आले आणि त्याच्या हातावर खिडकीतून प्रसाद ठेवला. मी जवळ गेले की तो उजवी बाजू मागे घेतो. मला लागू नये म्हणून, असं म्हणतो.

पाडव्याला आमच्याकडे सात-आठ कुटुंबं होती. मुलं फुग्यांशी खेळत होती आणि एक फुगा जिन्यापाशी फुटला. देवेश हातातली बशी टाकून वळला आणि त्याचा हात शर्टाखाली गेला. बाहेर काढलं नाही. पण हात गेला, ताई, आणि समोर पाहुण्यांमधल्या निमिषची चार वर्षांची मुलगी होती, हातात फुटक्या फुग्याची दोरी धरून. पाहुण्यांना वाटलं की फुगा फुटला म्हणून तो दचकला. ऊर्मीला कळलं. ती अगदी हळू म्हणाली, "बाबा, देअर आर किड्स हिअर." दुसऱ्या दिवशी ती बसने निघाली. जाताना म्हणाली की ते घरात असेपर्यंत मी येणार नाही. देवेशने तिला थांबवलं नाही. मला म्हणाला, तिला कधी कळेल.

तो वाईट माणूस नाही हे मी तुम्हाला सांगायचं, म्हणजे उलटंच झालं. पण मला कोणाला तरी सांगायचं होतं. त्या दुपारी मिल्टनला दार मी उघडलं होतं. घाबरायचा हक्क मलाही आहे. मी घाबरते आणि मग भांडी घासते, कामावर जाते. त्याला तेवढं पुरत नाही.

आईंना नमस्कार. तुमच्या मनातली माझी जागा राहू दे.

चैत्राली

---

मिल्टन
२३ फेब्रुवारी २०२५

देवेश,

आज तेरावा झाला. तू स्मशानातून परस्पर गेलास, त्यामुळे जे तोंडाने सांगायचं होतं ते कागदावर आलं. मायना लिहायला हात होत नाही. समजून घे.

आईचा न्यूमोनिया वाढला तसा मी तुला फोन केला. लगेच निघतो म्हणालास. मी आईला सांगितलं की देवेश निघालाय, साडेतीन तासांत येईल. तिने वेणी घालून मागितली. ऊर्मीने घातली. ऑक्सिजनची नळी बाजूला करून करून घातली.

मग सरहद्दीच्या पुलावरून तुझा नाही, कोणा अधिकाऱ्याचा फोन आला. कॅनडात शिरताना सार्नियाला तुला अडवलंय आणि अंगावर भरलेलं पिस्तूल सापडलंय. नंदनला तू नंतर सांगितलंस की तो विचारत होता, शस्त्र आहे का, आणि तू मनापासून नाही म्हणालास. माझा विश्वास आहे. घाईत कपडे केलेस, घड्याळ घातलंस, तसं तेही घातलंस. जाणवू नये असंच घेतलं होतंस ना.

नंदन तुला सोडवायला सार्नियाला गेला. तो तिकडे वकील शोधत होता आणि मी इकडे आईचा हात धरून बसले होते. ती विचारायची, देवेश कुठवर आला. मी म्हणायचे, हायवेवर बर्फ आहे. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं आणि तिचा पलंग खिडकीशी होता. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. त्या वेळी तू जज्जसमोर उभा होतास.

जाण्याआधी सकाळी ती नीट बोलली. ते तुझ्यासाठी होतं म्हणून जसंच्या तसं लिहिते. म्हणाली, त्या दिवशी देवेशने हात वर केले म्हणून आम्ही सगळे वाचलो. मीच वेड्यासारखी मध्ये पडले. तो शहाणा, म्हणून चैत्राली वाचली. त्याला वाटतं की मी त्याला भित्रा समजते. त्याला सांग, मी आजवर त्याचं एवढं शहाणपण पाहिलं नव्हतं. मग म्हणाली, तूच सांग, मला सांगायला तो बसतच नाही.

सांगितलं.

क्रिमेटोरियममध्ये गुरुजींनी तुला पुढे बोलावलं, तेव्हा तू दोन पावलं आलास आणि थांबलास. सगळे बघत होते. बातमी तोवर सगळ्या मंडळात पसरली होती. मग ऊर्मी पुढे झाली आणि तिने दाहिनीचं बटण दाबलं. तू तेव्हा तिच्या मागे तरी उभं राहायला हवं होतंस.

ताई

---

नोव्हाय
१५ जून २०२५

ती. ताईस,
सा. न.

उत्तराला उशीर झाला. तोपर्यंत लिहिण्यासारखं काही नव्हतं.

केस संपली. वकिलाने चांगलं काम केलं. लेखी हमी घेऊन आरोप मागे घेतले, पिस्तूल सरकारजमा झालं. भाऊजींना माझे आभार सांग. त्यांच्याकडे बघायची हिंमत मला कोर्टातही झाली नाही.

तुझं पत्र मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये वाचलं. आईचे शब्द पाठ झालेत. तुला वाटलं असेल की ते वाचून मी मोकळा होईन. मलाही वाटलं होतं. पण ताई, तिने मला माफ केलं, आणि मला माफी नको होती. मला तिच्या पुढे उभं राहायचं होतं. तिला वाचवणारा मुलगा व्हायचं होतं. तिने मला शहाणा म्हटलं, म्हणजे मला पुन्हा संधी मिळाली तरी तिला माझ्याकडून तेच हवं होतं, हात वर. हे घेऊन मी कुठे जाऊ?

चैत्राली मेपासून अॅन आर्बरला वेगळी खोली घेऊन राहते. भांडण नाही. रविवारी येते, फ्रिज भरून जाते. ऊर्मीचा फोन लागत नाही. तो लागू नये अशी तिने सोय केली असावी.

तुला खोटं सांगायचं नाही म्हणून लिहितो. मागच्या आठवड्यात मी दुसरं घेतलं. या वेळी जरा मोठं, जड, म्हणजे अंगावर आहे हे जाणवत राहील आणि पुन्हा तशी चूक होणार नाही. दुकानदाराने ओळखलं. पहिलं कुठे गेलं, असं विचारत होता. हरवलं म्हणालो.

तुला कळणार नाही. त्या किचनमध्ये तू नव्हतीस.

ऊर्मी तुझं ऐकते. माझ्यासाठी तिच्याशी एकदा बोल. वर्षश्राद्धाला मी येईन. घर तेच, खोली तीच, आईच्या खोलीत झोपेन. चालेल ना?

तुझा,
देवेश

---

मिल्टन
२४ ऑगस्ट २०२५

चि. देवेशला,
आ.

तुझं पत्र दोन महिने फ्रिजवर मॅग्नेटखाली होतं. येता-जाता दिसायचं. नंदन म्हणाला, उत्तर दे नाहीतर काढून ठेव.

त्या किचनमध्ये मी नव्हते, खरं आहे. मी त्यानंतरच्या सगळ्या दिवसांत होते. आईला न्हाऊ घालताना, फिजिओला नेताना, तू जेवून उठल्यावर तिच्या ताटाशी. या सगळ्यात आमच्यापैकी कोणालाही रक्षण करणारा माणूस नको होता. बसणारा हवा होता. तू पहिलं निवडलंस तेव्हा मला तुझी काळजी वाटली. दुसरं निवडलंस आणि त्याचं वजन कौतुकाने लिहिलंस, तेव्हा मात्र राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. जाईल असं खोटं लिहीत नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. नाही, चालणार नाही, कारण घर राहिलं नाही. आम्ही ते विकलं. पुढच्या महिन्यात आम्ही कॅल्गरीला जातोय. आमच्या नीलचं ऑफिस तिथे आहे, सूनबाईला, गौरांगीला, दिवस गेलेत आणि तिला मदत हवी आहे. नंदन थंडीच्या नावाने कुरकुरतो आणि गुपचूप बर्फ उपसायचं नवीन शोव्हल बघून आलाय. आईची खोली मी परवा रिकामी केली. तिच्या साड्या ऊर्मीने घेतल्या. चार कॉन्डोत, बाकीच्या इथे, पण सगळ्या माझ्या म्हणून तिने सांगून ठेवलंय.

वर्षश्राद्ध कॅल्गरीला करू. पत्ता मी इथे लिहीत नाही. ऊर्मीकडे आहे, आणि मी तिला सांगितलंय की बाबाने मागितला तर दे, पण त्याने स्वतः मागितला तरच. तुझ्यासाठी तिच्याशी मी बोलणार नाही. मुलगी तुझी आहे. पत्ता देण्याआधी ती तुला एक गोष्ट विचारेल. काय, ते तुलाही माहीत आहे. उत्तर खरं असेल तरच तिला फोन कर.

तिने नंबर बदललेला नाही. तुझा नंबर तिच्याकडे लागत नाही, एवढंच. चैत्रालीच्या फोनवरून कर. त्यासाठी रविवारची वाट न बघता तिच्या खोलीवर जावं लागेल, आणि तिथेही दार वाजवावं लागेल.

ताई