मूळ रहिवासी, वर्ग अ

३ मार्च २०२५, सोमवार. सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. मोठ्या कार्याची सुरुवात लिहून ठेवलेली बरी, नंतर लोक शोधत बसतात.
बिरवाडी बिघडली. कारखाने आले आणि गावात कोण कुठला ते कळेनासं झालं. माझ्याच चाळीत बघा. सहा खोल्या. एकीत मी आणि प्रयाग, बाकी पाचांत झारखंड, ओडिशा, यूपी. यांना इथं थारा देतं कोण? (मी देतो. पण ते निरीक्षणासाठी.)
रद्दीत एक जाड पुस्तक मिळालं, जर्मनीतल्या शिस्तीवर. तिथल्या एका पुढाऱ्याने अख्ख्या देशाची रक्तावरून वर्गवारी केली. कोण शुद्ध, कोण अशुद्ध, सगळं रजिस्टरवर. शेवटची साठेक पानं फाटली आहेत, पण योजना यशस्वी झालीच असणार.
संकल्प : बिरवाडीची मूळ रहिवासी नोंदवही.
प्रयागला सांगितलं. ती म्हणाली, आधी टाकी कुठं गळते ते बघा.

५ मार्च
समिती स्थापन. अध्यक्ष मी, सयाजी उतेकर. उपाध्यक्ष भरत, समोरचा किराणावाला. सदस्य शेजारच्या घरातली साळूबाई. तिला रेशनची नवीन योजना वाटली. गैरसमज दूर केला नाही, कोरम भरत नव्हता.
वर्ग अ : मूळचे. वर्ग ब : लग्न करून आलेल्या. वर्ग क : बाकी सगळे.
भरतने विचारलं, मूळचे म्हणजे कधीपासूनचे? मी म्हणालो, तपशिलात अडकलास की चळवळ मरते.

७ मार्च
पुस्तकात नाकं मोजण्याची आकृती आहे. साधन हवं. खोली नंबर चारमधला दीपक महतो कंपनीत फिटर आहे, त्याच्याकडे बारीक मापं घ्यायचा व्हर्निअर असतो. मागितला. कशाला, म्हणाला. नाकं मोजायला, म्हणालो. तो हसला. मी हसलो नाही, तेव्हा थांबला. मग वाचायचा कसा ते नीट शिकवलं. परप्रांतीय असून समजावण्याची हातोटी चांगली.

८ मार्च. रात्री जेवणाआधी
अकरा नाकं मोजली. साळूबाईला गुदगुल्या झाल्या आणि ती व्हर्निअरवर शिंकली. प्रयागने भाकऱ्या थापता थापता मोजू दिलं, एकदाच.
पुस्तकातल्या आकृतीशी तंतोतंत जुळलं ते एकच नाक. दीपक महतोचं.
माझं कुठल्याच रकान्यात बसत नाही. उपकरणात दोष आहे. नाकांचा कार्यक्रम तहकूब.

१० मार्च
भरतच्या दुकानात अश्विन सर भेटले. हायस्कूलला इतिहास शिकवतात. पुस्तक दाखवलं. त्यांनी शेवटची पानं कुठं आहेत विचारलं आणि मग स्वतःच सांगत बसले. लाखो माणसं छावण्यांत मारली, बायकापोरांसकट. देश बेचिराख झाला. पुढाऱ्याने तळघरात स्वतःला गोळी मारून घेतली.
मास्तर लोकांना शेवट दुःखी करायची खोड असते.
निघताना म्हणाले, "अण्णा, तिथंही सुरुवात वहीनेच झाली होती."
मी म्हणालो, माझी वही दोनशे पानीच आहे.

१२ मार्च
क वर्गाच्या दारांना पिवळ्या फिती बांधल्या. अपमानाचा हेतू नाही, फक्त ओळख.
दीपकच्या पोरीने, श्रुतिकाने, वय वर्षं पाच, दारावरच्या फिती सोडून वेण्यांना बांधल्या आणि माझ्याकडे आली. म्हणाली, "काका, आजून हाय? मैत्रिणीला पायजे."
ही पोर बिरवाडीतच जन्मली. नावही इथल्याच नर्सने सुचवलेलं. बोलते माझ्याहून अस्सल. तांत्रिक अडचण.
प्रयागने तेवढ्यात विचारलं, "पोर हितली नाय, आन् तुमी हितले? तुमचा जन्म आंबेनळी घाटाखालच्या वाडीतला."
मी म्हणालो, जेवायला वाढ.

१५ मार्च
शिमग्याची पालखी क वर्गाच्या दारात नाचवू नये, असा ठराव केला होता. पालखीवाल्यांनी वाचला नाही. सगळ्यात जास्त वेळ दीपकच्याच दारात नाचली. मलाही खांदा द्यावा लागला.

१८ मार्च
बोअरचं पाणी कमी झालं. शास्त्रशुद्ध वाटपाची वेळ आली. अंगणातल्या नळाला कुलूप, चावी अध्यक्षांकडे. अ आणि ब वर्गाला सकाळी. क वर्गाला उरलं तर संध्याकाळी.
मुहूर्त २० तारखेचा. त्या दिवशी महाडला लाखो लोक येतात, रस्ते भरलेले असतात. आपल्याकडे कोणाचं लक्ष जाणार नाही.

२० मार्च, गुरुवार
सकाळी ९ वाजता कुलूप. छोटेखानी समारंभ. साळूबाईने नारळ फोडला आणि खोबरं घरी नेलं.
प्रयाग खोलीच्या दारात उभी होती. म्हणाली, "अवो, या तालुक्यात, आजच्या तारखेला, पाण्याला कुलूप? वाईच तरी लाज?"
जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी याच दिवशी महाडच्या तळ्यावर काय झालं ते मला ठाऊक आहे. ज्यांना पाण्याला हात लावू देत नव्हते त्यांनी जाऊन ते प्यायलं. आम्हाला शाळेत होतं. पण ते सार्वजनिक तळं, हा खाजगी नळ. फरक आहे. प्रयागला सांगितला. तिने दार लावून घेतलं.
दीपकची बायको दर्शना दोन हंडे घेऊन आली. कुलपाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. गेली. मी सहा आक्षेपांची उत्तरं तयार ठेवली होती. एकही वापरता आलं नाही.

२१ मार्च
पाण्याची बचत उत्तम. टाकी भरलेली. दर्शना आणि ओडिशावाल्याची बायको लांबच्या हापशावरून पाणी आणताना दिसल्या. व्यायाम चांगला असतो.
प्रयाग आमच्यातले दोन हंडे त्यांना देते असा संशय आहे. अध्यक्षाच्या घरातच फितुरी.

२२ मार्च, शनिवार
दुपारी भरतच्या दुकानात बैठक. विषय : कुलपाचं यश. चावी माझ्या खिशात.
इकडे श्रुतिकाच्या पायावर उकळत्या पेजेचं पातेलं पडलं. दर्शना तिला उचलून नळाकडे धावली. नळाला कुलूप. घरात हंडाभरही पाणी नव्हतं. ती ओरडली. दुकानात ऐकू आलं होतं. मला वाटलं, नेहमीचं भांडण.
कुलूप प्रयागने वरवंट्याने फोडलं. चार घाव लागले, साळूबाई सांगत होती. मग पोरीचा पाय धारेखाली धरला आणि रिक्षाने तिघी महाडच्या दवाखान्यात.
मी आलो तेव्हा अंगणात कोणी नव्हतं. नळ वाहत होता. बंद केला. पाण्यात एक पिवळी फीत तरंगत होती.
नियमांत तातडीच्या प्रसंगाची तरतूद नव्हती. दुरुस्ती सुचवावी.
चार घाव म्हणजे किती वेळ लागला असेल?

२३ मार्च
प्रयाग माहेरी गेली, सव गावाला. साळूबाईजवळ निरोप ठेवला : "दर्शनाच्या दारात जाऊन चुकलं म्हणा, मंग फोन करा."
दोन दिवसांत येईल. तिला तिथल्या झऱ्यांचं गरम पाणी फार दिवस मानवत नाही.

२५ मार्च
पाचही खोल्या रिकाम्या. सगळे नदीपलीकडच्या चाळीत गेले. चाव्या स्वतः आणून दिल्या, झाडून घेतल्याचंही सांगितलं. म्हणजे माझी योजना शंभर टक्के यशस्वी. परिसर शुद्ध.
दीपकला व्हर्निअर परत देऊ लागलो. म्हणाला, "राहू द्या अण्णा. अजून नाकं बाकी असतील."
श्रुतिकाचं विचारलं. फोड आले आहेत, म्हणाला. चालता येत नाही अजून. आणि टेम्पोत चढला.
चाळीत इतकी शांतता चांगली नाही. म्हणजे चांगली आहे. सवय नाही.

२७ मार्च
समितीची तातडीची सभा. भरतने नोंदवही मागवली, तपासली आणि म्हणाला, "अण्णा, वहीप्रमाणे तुमी क वर्गात येता."
मी म्हणालो, मी संस्थापक आहे. १९९८ पासून इथं आहे.
तो म्हणाला, संस्थापकासाठी वेगळा वर्ग वहीत नाय.
साळूबाईकडे बघितलं. ती म्हणाली, "तुमी आंबेनळीकडचेच ना वो? मी आपली खरं तेच बोलले."
भरत अध्यक्ष झाला. ठराव लिहिताना क वर्गाने बाहेर थांबावं, असा नियम मीच केला होता. बाहेर थांबलो. ऊन होतं.
संध्याकाळी साळूबाई माझ्या दारावर फीत बांधायला आली. तिचा हात पोचेना. मीच बांधून दिली.

३० मार्च, रविवार. पाडवा
गुढी एकट्याने उभारली. वाकडी राहिली. श्रीखंड आणलं, एकट्याने उघडवेना.
अकराला नदीपलीकडे गेलो. माफी म्हणून नव्हे, सदिच्छा भेट. चार मुद्द्यांचं निवेदन पाठ केलं होतं. पहिला मुद्दा, परिस्थितीचा विपर्यास.
खोली सापडायला वेळ लागला. दार उघडंच. दीपक ड्युटीवर. श्रुतिका चटईवर बसलेली, दर्शना तिच्यासमोर, शेजारी कापूस आणि मलम. ड्रेसिंग बदलायचं होतं आणि पोर पाय झटकत होती.
मी दारात उभा राहिलो. दर्शनाने वर बघितलं. तोंडातून पहिला मुद्दा येण्याऐवजी "चुकलं" असं आलं. हळू आलं. तिला ऐकू गेलं की नाही, माहीत नाही, कारण त्याच वेळी पोर ओरडली.
दर्शना म्हणाली, "काका, आत या. पाय धरा."
मी खाली बसलो आणि धरला. पट्टी सुटली. खालची कातडी बघून माझीच पकड सैल झाली.
श्रुतिका म्हणाली, "असा नाय, काका. घट्ट."