दोन चिठ्ठ्या एकदम उचलल्या तर

पुसेगाव तांडा,
१९ नोव्हेंबर २००४

चि. दिपक यास बापूचे आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक, जनकाआक्काचा गुडघा सोडून. फोनवर बोललो की ती शेजारी बसून ऐकते, म्हणून लिहितो आहे.

तुझ्या ग्रामपंचायतीच्या कॉम्प्युटर प्रोग्रामातल्या बेचाळीस फायलींच्या नावांच्या चिठ्ठ्या मी गट पाडून पाठवल्या, त्याला महिना झाला. माणसाचे गट मशीनच्या गटांशी ताडून बघायचे, असं तूच म्हणाला होतास. आणि तुझं उत्तर काय, तर मशीनचीच मांडणी सरस, आता एकही फाईल हलवली तरी गुण घटतात. अरे, ते मशीन एकेकच हलवून बघतं, म्हणून घटतात.

नियम मला कळलाय. एकमेकींना सारखी हाक मारणाऱ्या फायली एका गटात, गटाबाहेर हाका कमी. नळजोडणी आणि नळदुरुस्ती मशीननं घरनोंदीच्या गटात ठेवल्या. दोघींचं काम जास्त पडतं तक्रारींच्या गटाशी. पण एकटी जोडणी नेली की दुरुस्तीशी तुटते. दुरुस्ती नेली तरी तेच. दोघी एकदम ने आणि बघ. मी सातवीला कवितेच्या ओळी कापून जुळवायला द्यायचो. यमकातली एक ओळ हलवली की कडवं लंगडायचं, दोन्ही उचलून खाली नेल्या की कविता डोलायची. वाऱ्यानं पट्ट्या उडायच्या, अख्खा वर्ग मैदानात. काय दिवस होते.

असो. त्यानंतर चिठ्ठ्यांबद्दल अवाक्षर नाही, आणि दर फोनला तुझं एकच, "बापू, तुमी तिकडं काहून राहता, या ना इकडं." तुझी याडी पारू आजी झाली म्हणून नातीला सांभाळायला महिनाभरासाठी तुझ्याकडे गेली, दिवाळीही गेली. ती इकडे आली तर लेकराला कोण? मी तिकडे आलो तर आक्काला कोण? ती माझ्याशिवाय कुणाच्या हातची गोळी घेत नाही. काल म्हणाली, "पारू येऊन राहिली का तूच चालला?" मी म्हणालो, पेपर वाच. तिला वाचता येत नाही.

तर आता एकेकाला हलवणं पुरे. तुझ्या दोन खोल्या आहेत, मला माहीत आहे. आम्ही दोघं बहीणभाऊ येऊ का? पारूशिवाय मला करमत नाही, हे पोटच्या पोराला लिहायची लाज वाटते. आधी सूनबाईला विचार, शितल नाही म्हणाली तर तसं सरळ कळव. मग मी इथंच राहीन, पण पुन्हा मला एकट्याला बोलावू नकोस.

उत्तर कार्डावर लिहू नको, पोस्टमन आक्काला वाचून दाखवतो.

आक्कासकट तुझा,
बापू