तेलगिरणीचं छप्पर

दादा,

तुमची तेलगिरणी आता विद्यापीठाची झाली आहे, आणि तिच्यात वर्ग बांधून काढायचं काम तुमच्या लेकीकडे आलं होतं. तुम्ही असतात तर नाशिकपासून चांदवडपर्यंत सांगत सुटला असतात. मुकादम म्हणून तुम्ही जिथे घाण्यांमधून फिरायचात, तिथे आता बाकं आहेत. मी दगडी भिंती घासून लख्ख केल्या, जुनं छप्पर तोलून धरणाऱ्या सागवानी कैच्या उघड्या ठेवल्या आणि स्वतःवरच खूश झाले. मग एका प्राध्यापकांनी फळ्यापाशी उभं राहून चार वाक्यं बोलून दाखवली. ती अशी काही घुमली की मागच्या बाकावर एक शब्द धड कळेना. विद्यापीठाचे साहेब म्हणाले, खालून फॉल्स सीलिंग मारा आणि विषय संपवा. म्हणजे ते छप्पर कायमचं झाकलं जाणार. मी थोडी मुदत मागून घेतली खरी, पण उपाय काही सुचेना.

तेव्हा खंडेनवमी आठवली. नव्वद-एक्याण्णव साल असेल. यंत्रं बंद आहेत, घाण्यांवर झेंडूच्या माळा आहेत, आणि तुम्ही नारळ मागताय तो धडधडीवर मात करायच्या नेहमीच्या आवाजात. आई वैतागून म्हणते, "अहो, गिरणी बंद आहे ना आज?"

"गिरणी बंद हाय, माझा घसा नाय."

सगळे हसतात, पेढे वाटणारे मालकसुद्धा. पण दादा, तुमचा तो खणखणीत आवाज तिथे जरासुद्धा घुमला नव्हता. कारण भिंतींना लागून शेंगदाण्याची पोती थेट वरपर्यंत रचलेली होती आणि आवाज तीच गिळत होती. अन् मी शहाणी, भिंती उघड्याबोडक्या करून स्वतःची पाठ थोपटत बसले होते. मग भिंतीभर काथ्या भरलेल्या, गोणपाटाच्या जाड गाद्या ठोकून घेतल्या. प्राध्यापक पुन्हा बोलले, तेव्हा शेवटच्या बाकावर मला त्यांचं खाकरणंही ऐकू आलं. साहेबांनी एकदा वर पाहिलं आणि छप्पर राहू द्या म्हणाले. मला तिथेच रडू फुटलं, आणि हसूही.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून खरं सांगते. छपरासाठी मी सगळ्यांना वारसा, सागवान, इतिहास असं बरंच काही ऐकवलं. पण आपली भाड्याची खोली पडली, तुमचा धड एक फोटो नाही. तुम्ही हसताना आठवता ते त्या छपराखालीच. ते झाकलं असतं, तर मी तुम्हाला कुठे पाहिलं असतं?