सोळा इंचाच्या उशा

३ तारीख, सोमवार
सूनबाई आज गोड बोलली! म्हणजे काहीतरी शिजतंय. "आई, सोफ्यावर टाकायला चार उशा शिवाल का? विकतचं काही आणायचं नाही. घरात आहे त्यातूनच." लग्न होऊन सात वर्षं झाली, माझ्या मशीनकडे कधी ढुंकून बघितलं नाही. आज एकदम उशा!
ह्यांचे जुने शर्ट काढले. माणूस गेला, शर्ट ट्रंकेत राहिले. शर्ट बेतायचा तो बटणपट्टी मधोमध धरून. उशीचं तोंड आयतं तयार — चेन नको, नवी बटणं नकोत. चौथी नापास बाई मी, पण एवढी अक्कल आहे.

४ तारीख
तिने चिठ्ठीवर माप दिलं. सोळा इंच. आमच्या दांडग्या सोफ्याला वीसच्या खाली उशी म्हणजे हत्तीच्या पाठीवर माशी! म्हटलं, "माप चुकलं गं." तर म्हणे, "नाही आई, सोळाच." आणि लगबगीने पाणी प्यायला गेली. तहान नव्हती तिला. मला कळतं.
मग ह्या उशा कोणाच्या घरासाठी?

६ तारीख
जुनी गादी उसवली, कापूस पिंजून उन्हात टाकला. अभ्रा उशीपेक्षा इंचभर लहान बेतायचा, तरच उशी टच्च बसते. सूनबाई शेजारी बसून वहीत उतरवून घेत होती. शिकून घेतेय. म्हणजे पुढे शिवायला म्हातारी नसणार!

९ तारीख
दाराआड दोघं बोलत होते. मी भाजी चिरत होते, कान मोकळे होते. मुलगा म्हणाला, "आईचं काय करायचं ते तूच ठरव." ती म्हणाली, "ठरवलंय."
बस्स. एवढंच.
शेजारणीनेही तिच्या सासूला चार दिवस हवापालटाला म्हणून नेलं होतं. ती अजून हवाच पालटतेय — वृद्धाश्रमात. मला तिथे पाठवायचंय, आणि जाताना उशाही माझ्याच हातच्या! वा गं शहाणे.

१० तारीख
"आई, तुम्हाला खिडकीशी झोपायला आवडेल ना?"
म्हटलं, "आहे तिथे मला झकास झोप लागते."
हसली. खाटकाने बकरीकडे बघून हसावं तशी.

१२ तारीख
बाह्यांच्या कापडाची फुलं करून तीन उशांवर टाचली. चांगली दिसतात, खोटं कशाला बोलू. चौथीत कॉलरींचे कडक तुकडे कोंबले. ती सुनेला. धरू दे मान!

१४ तारीख
तिच्या पिशवीत किल्ली सापडली. घरातल्या सगळ्या कुलपांना लावून बघितली, मीटरच्या पेटीलासुद्धा. कुठेच लागत नाही.

१५ तारीख
मुलाला सरळ विचारलं, "मला कुठे टाकताय रे?"
मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला, "मला वेळ नाही आई. तिला विचार."
वेळ नाही! नऊ महिने पोटात वागवलं तेव्हा मलाही शंभर कामं होती.
तिला विचारणार नाही. नेऊ दे ओढत.

१७ तारीख
सूनबाई घर सोडून चालली. माझ्या मुलाला सोडून! स्वतःच्या पगारात एक खोली घेतलीय. दोन अरुंद खाटा मावतात — उशा त्यांच्याच मापाच्या, किल्लीही तिथलीच. "नक्की होईपर्यंत तोंड उघडायचं नव्हतं, आई. येणार का माझ्याबरोबर? नाही आलात तरी राग नाही."
मुलगा दारात उभा होता. तिला अडवलं नाही. मलाही नाही.
मी मशीनवर झाकण घातलं. म्हटलं, "बघत काय बसलीस? धर एका बाजूने."