छातीला लागणारी पट्टी

न्यू ब्राइटन, पोर्ट एलिझाबेथ
१२ ऑगस्ट

प्रिय झोलेका ताई,

कशी आहेस? भाऊजींचा खोकला थांबला का? इकडे वारा नुसता पिसाळलाय. बाकी सगळं ठीक. फोन उचलत नाही म्हणून रागावली असशील, माहीत आहे. म्बुलेलो केपटाऊनला निघालाय, त्याच्या हाती हे पत्र देतेय.

तू पाठवलेला इलेक्ट्रिक चेलो फार सुरेख आहे गं. फक्त अजून अंगाला बसत नाही. जुन्या चेलोचं कसं, अख्खं लाकडी पोट टेकायला. याला पोटच नाही. नुसता दांडा, गुडघ्यांना दोन आधार आणि छातीला एक वाकडी पट्टी. खालची सळई लांब केली, आखूड केली. तारांखालची घोडी उतरवली तर तारा खरखरायला लागल्या, म्हणून पुन्हा चढवली. गुडघ्यांचं जमलं एकदाचं. पट्टीचं मात्र काही केल्या जमेना. वर केली, खाली केली, स्पंज गुंडाळला, त्यावर शेजारच्या बाळाचं दुपटं.

म्बुलेलो आमच्या बँडचा बास गिटारवाला, त्याच्या जिभेला हाड नाही. म्हणतो कसा, "चेलो वाजवतेयस की बाळंतिणीला बसवतेयस? किती त्या उशा!" सगळे हसले, मीही हसले. मग त्याने सगळं सोडून पट्टी नीट मधोमध लावून दिली. "हं, वाजव आता." पहिल्याच सुराला मी ओरडले. तो माझ्याकडे बघतच राहिला. "वुयी, यात चेलोचा काय दोष?"

मी त्याच्यावरच खेकसले. पण ताई, पट्टीचं डावं टोक टेकतं ना, तिथे गाठ आहे. जुन्या चेलोने कधी कळूच दिलं नाही. पट्टीच रुतली असेल, अशी मनाची समजूत घातली. महिनाभर पट्टी काढून ठेवली. गाठ आहे तिथेच आहे, उलट वाढलीय.

आईचा चर्चमधल्या गुरुवारच्या प्रार्थनेचा लाल ब्लाउज आठवतो? काखेत रुततो म्हणून सारखी शिवण उसवायची. आई जाडी व्हायला लागली म्हणून आपण दोघी तिला चिडवायचो. काखेतलं तिने शेवटपर्यंत कुणाला दाखवलं नाही.

म्हणून परवा मी दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई आधी चेलोबद्दल विचारत होत्या, हसत होत्या. मग गाठीला हात लावला. सुई टोचून तपासायला काहीतरी काढून घेतलं. म्हणाल्या, "शुक्रवारी या. येताना घरातलं कुणीतरी सोबत आणा."

मी म्हटलं, "त्यात काय, एकटी येते की."

त्यांनी माझा हात धरला. "नको. एकट्या येऊ नका."

मला भीती वाटतेय, ताई. फार भीती वाटतेय. गुरुवारच्या बसमध्ये बसशील का? आपल्या घरातलं आता तुझ्याशिवाय आहे तरी कोण?

तुझीच,
वुयिसेका