गस्तीवर कळवू नये

प्रिय आई,

पेन चौकोनावर टेकवलं आणि पुन्हा उचललं. तिसऱ्यांदा. शेवटी फॉर्म बाजूला सरकवला आणि त्याच पेनने तुला लिहायला घेतलं.

उद्या निघायचं आहे. लीड्सहून ट्रेन, मग स्कॉटलंडातला नौदलाचा तळ, मग पाणबुडी आणि पुढचे काही महिने पाण्याखाली. निघण्याआधी प्रत्येकाला हा फॉर्म द्यावा लागतो. गस्तीवर असताना घरचं कोणी गेलं, तर सांगावं की सांगू नये? दोन चौकोन आहेत. सांगितलं तरी बोट मागे फिरत नाही. फक्त कळतं.

मागच्या वेळी तो मी तुझ्यासमोर भरला. तू मेथी निवडत होतीस.

"मी मेले तरी सांगू नका, असं लिहितोयस?"

"आई, तसं नाही गं."

"मग कसं?"

मी 'सांगू नये' वर खूण केली. तूच हसलीस. "बरं आहे. नाहीतर तिथे रडत बसशील आणि बाकीच्या पोरांची झोप मोडशील."

का हसलीस? एकदा माझा हात धरून 'थांब' म्हणाली असतीस तर? पण तू अडवणाऱ्यातली नव्हतीस. टोमणे मारणाऱ्यातली होतीस. पाणबुडीवरच्यांना वेगळा भत्ता मिळतो हे कळल्यावर म्हणालीस, "पाण्याखाली बसायचे जादा पैसे? मग मला उलट्यांच्या वॉर्डात उभं राहायचे कोण देतं?" मी पाच वर्षं नोकरी न सोडण्याचा बोनस घेतला, तेव्हा बाबा पेढे घेऊन आले. तू एक पेढा खाल्लास आणि म्हणालीस, "हुंडा घेतलास ना? आता नांद."

नांदतो आहे, आई. अजून एक वर्ष बाकी आहे.

मी निघाल्यावर तीन आठवड्यांनी तुझे डोळे पिवळे झाले. तीस वर्षं नर्स होतीस. ही साधी कावीळ नाही, हे आरशात पाहूनच तुला कळलं असेल. तेव्हा बाबांना काय सांगितलंस? माझं नाव काढलंस का? बाबा या प्रश्नांवर उठून किटली लावतात.

गस्त तीन महिन्यांची होती. आमच्या जागी येणारी बोट गोदीतून निघालीच नाही. तिला एक पंप हवा होता आणि तो बनवणारा कारखाना केव्हाच बंद झाला होता. तिसऱ्या बोटीतला काढून बसवला, तोही चालला नाही. मग नवा बनवायला द्यायचा, तर त्याच्या मंजुरीला वेळ. हे सगळं मला नंतर कळलं. आम्हाला आत एवढंच सांगितलं, की अजून थोडे दिवस. आम्ही शिव्या दिल्या आणि कामाला लागलो. पिठाची पोती मोजली. बाहेर सकाळ आहे की संध्याकाळ, ते जेवायला काय आहे त्यावरून ओळखत राहिलो. तीन महिन्यांचे जवळजवळ साडेपाच झाले.

वेळेवर परतलो असतो, तर मला तुझ्याजवळ एकोणीस दिवस मिळाले असते. मी ते पुन्हा पुन्हा मोजतो. एका पंपाचे एकोणीस दिवस! कोणावर चिडू? कोणाचाच चेहरा दिसत नाही.

आम्हाला आतून काही पाठवता येत नाही. घरून आठवड्याला एक निरोप येतो, इंग्रजीत, मोजक्या शब्दांचा. तळावर कोणीतरी तो आधी वाचतं आणि वाईट बातमी काढून टाकतं. तू गेल्यावर बाबांपुढे दोनच रस्ते होते. निरोप बंद करायचे, म्हणजे मला संशय आला असता. नाहीतर तुझ्या नावाने लिहायचे. त्यांनी लिहिले. आठ तरी नक्कीच त्यांचे. आज पावभाजी केली. शेजारच्यांचं मांजर पुन्हा कुंडीत बसलं. स्वेटर घालतोस ना? खाली 'लव्ह, आई'.

आठ आठवडे तू मला एकदाही रागावली नाहीस. आणि मला काय वाटलं? आई मऊ झाली. मला बरं वाटलं! मी ते निरोप उशीखाली ठेवून झोपत होतो.

कॅप्टनला माहीत होतं. तिथे बातमी फक्त त्याच्याकडे येते. एकदा त्याने काही कारण नसताना मला स्वतः चहा करून दिला. मी थँक्यू म्हणालो आणि साखर कमी आहे म्हणून चेष्टा केली. तो हसला नाही. बोट धक्क्याला लागल्यावर त्यानेच केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं.

स्मशानात शवपेटीसमोरचा पडदा सरकवायचं बटण बाबांनी दाबलं. मुलाने दाबायचं असतं, असं भटजी म्हणाले. बाबा म्हणाले, "मुलगा कामावर आहे."

तुझा शेवटचा निरोप कोणता, आई? शेवटी शेवटी तुला पेन धरवत नव्हतं म्हणे. म्हणजे त्या आठांच्या आधीचेही काही बाबांचे असतील. मी विचारलं. ते म्हणाले, "अरे, तेवढं नको विचारूस." सगळे निरोप समोर लावून पाहिले. फरक कळत नाही. स्वतःच्या आईचा आवाज कुठे थांबला हे मला कळत नाही.

परवा बाबा जिन्यात मध्येच बसले. छातीवर हात होता. "काही नाही, जरा दम लागला," म्हणाले. त्यांना काही झालं, तर त्यांच्या नावाने लिहायला आता कोणी नाही.

म्हणून मी या वेळी 'सांगावे' वर खूण करतो. मागे फिरता येणार नाही, पण ज्या दिवशी घडेल त्या दिवशी मला कळेल. बाबा अजून आहेत असं समजून मी एकही दिवस हसणार नाही. शब्द देतो.

तुझा,
निनाद

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी फॉर्म वाचला. "बदल," म्हणाले. "का?" मी विचारलं. "तुझी आई गेली तेव्हा तू तिकडे निदान जेवत होतास, झोपत होतास. मला तेवढाच आधार होता." मी खूण खोडली, शेजारी सही केली आणि 'सांगू नये' वर नवी केली. सव्वानऊच्या ट्रेनने निघालो.